घरच्या वाफ्यातलं वांगं

तरीही मी म्हणतोच, मॅडमनी फळ्यावर ते तसं लिहायला नको होतं. सहा वर्षं झाली. फोनवर किती वेळा भांडून झालं. त्यांनी दोनदा फोन ठेवून दिला, मी एकदा. माझं म्हणणं काही बदललं नाही. 'चूक माझी' असं खडूनं लिहिलं, खाली सही केली, हात झटकले आणि निघाल्या. त्यांना वाटलं, मिटलं. मिटलं नाही. त्या दोन शब्दांनी कुणाचं काय झालं ते बघायला त्या थांबल्या नाहीत, आणि मी तर जिल्ह्यातच थांबलो नाही.

साठीच्या गौरवग्रंथात भांडण उकरू नये, एवढं मला कळतं. संपादक मंडळाच्या पत्रात 'प्रा. इंदुमती वनवे मॅडम यांच्या सहवासातील आठवणी' असं लिहिलं आहे. मी दत्ता, आठवी शिकलेला. सध्या हिमाचलात बोगद्याच्या कामावर पोकलेन चालवतो. याआधी चार राज्यांत पाच कामं धरली आणि सोडली, एका जागी बूड टिकत नाही असं घरचे म्हणतात. या पुस्तकात प्राध्यापक लिहितील, मॅडमच्या हाताखाली डॉक्टरेट केलेले लिहितील. मी त्यांच्या वर्गात एक दिवस बसलेलो नाही. पण मला जे माहीत आहे ते त्यांच्यापैकी कुणाला माहीत नाही आणि मॅडम स्वतःहून सांगणार नाहीत. म्हणून लिहितो. शुद्धलेखन संपादकांनी बघावं, मजकूर मात्र बदलू नये.

मॅडमची पहिली ओळख आमच्या गुरुवारच्या बाजारात झाली. मांजरसुंब्यापासून आमचं गाव थोड्याच अंतरावर आहे. मी वांग्याची पाटी घेऊन बसलो होतो. गिऱ्हाईक वांग्याचं देठ बघतं, भाव करतं, घेतं. मॅडमनी देठ बघितलं नाही, माझ्याकडं बघितलं.

"कधी मारलं औषध?"

"औषध? छे छे, मॅडम. नुसतं शेणखत हाय."

"अळीचं एकही छिद्र नाही. तुमच्या गावच्या अळ्या काय उपवास करतात?"

शेजारचे पाटीवाले हसले. मला राग आला. म्हटलं, "घ्यायचं तर घ्या, न्हाईतर पुढं व्हा."

त्यांनी अर्धा किलो घेतलं, भाव न करता. जाताना म्हणाल्या, "तू नको सांगू. ते वांगंच सांगेल. ऐकायचं असलं तर सोमवारी कॉलेजात, रसायनाच्या प्रयोगशाळेत ये."

मी गेलो. खरं तर भांडायलाच गेलो होतो.

तिथं जे बघितलं ते आपल्यापैकी पुष्कळांनी बघितलं असेल, तरी माझ्या शब्दांत सांगतो. मॅडमनी लोखंडाचे दोन क्षार पाण्यात विरघळवले आणि वरून अमोनिया सोडला. डोळ्यांना झोंबणारा वास सुटला आणि बघता बघता ते पाणी काळंकुट्ट झालं. ती काळी भुकटी इतकी बारीक की बोटाला लागली तर काजळीसारखी पसरते. तिच्यावर त्या अजून एक लेप चढवायच्या, औषध चिकटून बसावं म्हणून. कॉलेजचे शिपाई रज्जाकभाई दारातनं म्हणाले, "मॅडम, परळीच्या थर्मलची राख आणली का काय? तिकडं फुकट मिळती."

"त्या राखेला लोहचुंबक लावून बघा, रज्जाकभाई. माझी राख बोलवली की येते."

मग माझ्या वांग्याचा लगदा करून गाळलेल्या पाण्यात त्यांनी ती भुकटी टाकली आणि बाटली हलवत राहिल्या. हात दुखेपर्यंत. बाटलीच्या बाहेरून चुंबक लावला. सगळी काळी भुकटी पाण्यातनं सरकत आली आणि काचेला चिकटून बसली. पाणी स्वच्छ. ते पाणी त्यांनी ओतून दिलं आणि म्हणाल्या, "तू मारलेलं औषध पाण्याबरोबर गेलं नाही. ते या काळ्याला धरून बसलंय." मग थोड्या स्पिरिटसारख्या द्रावात ती भुकटी धुतली, त्या द्रावात दुसरं काहीतरी टाकलं आणि पिवळा रंग आला. जितका गडद रंग, तितकं औषध जास्त. रंग मोजायची एक पेटीसारखी मशीन होती, तिच्यावर आकडा येतो.

माझ्या वांग्याचा आकडा काय आला ते इथं लिहीत नाही. मॅडमनी तो मलाच एकट्याला सांगितला, बाजारात नाही. म्हणाल्या, "मारल्यावर आठ दिवस तरी तोडू नकोस." मी म्हटलं, "आठ दिसांत वांगं जून व्हतंय, मॅडम. मग त्ये काय तुमी घेणार?" त्या गप्प बसल्या. खोटं उत्तर द्यायचं नाही म्हणून त्या गप्प बसतात, हा त्यांचा स्वभाव मला त्या दिवशी कळला.

कॉलेजचा चुंबक मेलेला होता, भुकटी ओढायला फार वेळ लावायचा. पुढच्या खेपेला मी ट्रॅक्टरवरच्या फुटक्या स्पीकरचा चुंबक काढून नेला. मॅडमनी तो टेबलावर ठेवला तर कात्री, चिमटा, चावी सगळं धावत येऊन चिकटलं. त्या लहान मुलीसारख्या हसल्या. नंतर कुणी पाहुणे आले की त्या चुंबकाकडं बोट दाखवून सांगायच्या, "हा दत्ताचा." मोठमोठ्या लोकांपुढं माझं नाव कुणी घेतलेलं ते पहिलंच.

आता मुद्द्यावर येतो.

वांग्याला स्वतःचाही थोडा रंग असतो, तो बाटलीत उतरतो. तो वजा करायचा तर बिनऔषधाचं वांगं लागतं. त्याची बाटली आधी मशीनमध्ये ठेवायची, आकडा शून्यावर आणायचा आणि मग बाकीच्या बाटल्या मोजायच्या. त्या बिनऔषधाच्या नमुन्याला मॅडम 'कोरा' म्हणायच्या. तागडी रिकामी असताना काटा मधोमध उभा आहे का बघतात, तसंच हे.

कोरं वांगं कुठं मिळायचं? आमच्याकडं शेतकरी दोन प्रकारचं पिकवतो. रानातलं बाजाराचं आणि विहिरीजवळच्या वाफ्यातलं घरचं. घरच्या वाफ्यावर औषध मारत नाहीत. किडकं निघालं तर बाया चिरताना तेवढं काढून टाकतात. हे सगळ्यांना माहीत असतं आणि कुणी बोलत नाही. मॅडमनी माझ्या आईला, शांताबाईला, विचारलं. आई म्हणाली, "माज्या वाफ्यातलं कवा बी न्या. आमची लेकरं खात्यात त्ये."

मॅडम फुकट घेणाऱ्या नाहीत. दर गुरुवारी मी चार वांगी नेऊन द्यायचो आणि त्या पाकिटात पन्नास रुपये घालून द्यायच्या. पाकिटावर लिहिलेलं असायचं, 'कोरा'.

त्या हंगामात मॅडमनी बाजाराच्या तोंडाशी लिंबाखाली फळा लावला. दर आठवड्याला चार-पाच भाज्यांची नावं आणि पुढं 'खायला हरकत नाही' किंवा 'मिठाच्या पाण्यात ठेवून, चोळून धुवा' किंवा 'या आठवड्यात नको'. शेतकऱ्याचं नाव कधीच नाही. त्यावरूनही लोक चिडायचे. एका पुढाऱ्यानं विचारलं, "मॅडम, तुमाला आमच्या मालाचं वावडं कावून हाय?" मॅडम म्हणाल्या, "मी पण तुमचाच माल खाते. वावडं असतं तर पुण्याहून मागवला असता." हळूहळू बाया फळा वाचून भाजी घ्यायला लागल्या. ज्यांना वाचता येत नव्हतं त्या रज्जाकभाईंना वाचायला लावायच्या.

दिवाळीनंतर वांग्यावर अळी फार पडली. मी पाठीवर पंप घेऊन रान मारत होतो. शेवटच्या ओळीला पंपात तांब्या-दोन तांबे औषध उरलं. उरलेलं औषध ही आमच्याकडं मोठी अडचण असते. विहिरीजवळ ओतता येत नाही. बांधावर ओतलं तर गुरं चरतात. महागाचं औषध, फेकायला जीव होत नाही. पायवाटेनं घरी येताना आईचा वाफा दिसला, वांगी भोकाभोकाची. मी चालता चालताच पंप दाबला आणि रिकामा केला. थांबलोही नाही. पुढं जेव्हा जेव्हा पंपात उरलं तेव्हा तेच केलं. सवय झाली. आईला सांगितलं नाही, कारण सांगण्यासारखं काही केलं असं मला वाटलंच नाही. वाफ्यातली वांगी चांगली निघायला लागली. आई म्हणाली, "औंदा देवानं अळी नेली."

आणि दर गुरुवारी त्याच वाफ्यातली चार वांगी 'कोरा' म्हणून मी मॅडमना देत राहिलो. कोऱ्यात औषध, त्यावर मशीन शून्यावर. मग बाजारातल्या वांग्यात जेवढं कोऱ्यात होतं तेवढं वजा होऊन आकडा यायचा, म्हणजे काहीच नसल्यासारखा. बनेल दुकानदार तागडीला खालून पासंग लावतो ना, तसा मी मॅडमच्या मशीनला लावला होता. फळ्यावर आठवड्यामागून आठवडे एकच ओळ: 'वांगी: खायला हरकत नाही.'

जवळच ऊसतोडीला गेलेल्या लोकांच्या लेकरांचं हंगामी वसतिगृह होतं. तिथं गयाबाई स्वयंपाक करायच्या. त्या भाजी मिठाच्या पाण्यात घालून ठेवायच्या, मॅडमनीच शिकवलं होतं. फळ्यावर सारखं 'हरकत नाही' बघून त्यांनी ते सोडलं. साठ लेकरांची भाजी, पाणी विकतचं, त्यांचं तरी काय चुकलं? एका दुपारी जेवणानंतर लेकरं ओकायला लागली. काहींच्या तोंडाला फेस, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीएवढ्या. टेम्पोत घालून बीडला नेली.

सगळी वाचली. हे आधी लिहायला पाहिजे होतं. सगळी वाचली, पण एक सहा-सात वर्षांची मुलगी नऊ दिवस दवाखान्यात होती. तिचे आईबाप कारखान्याच्या फडावर, त्यांना यायला तीन दिवस लागले. ते तीन दिवस मॅडम तिच्या खाटेजवळ होत्या. तिच्या आईनं आल्या आल्या विचारलं, "तुमी कोण?" मॅडम म्हणाल्या, "फळा लिहिणारी." त्या बाईला काही कळलं नाही. ती मॅडमच्या पाया पडली. रज्जाकभाई सांगतात की मॅडमना तिथं पहिल्यांदा रडताना बघितलं.

ती वांगी कुणाच्या पाटीतली होती ते कधी कळलं नाही. चार-पाच जणांकडून घेतलेली होती. त्यात माझी होती. मी दोन दिवस आधीच मारलं होतं.

मॅडमनी वसतिगृहात उरलेली वांगी आणून तपासली. मशीन म्हणाली, जवळजवळ काहीच नाही. दुसरा कुणी असता तर तो कागद घेऊन सुटला असता, कारण त्या कागदावर फळा खरा ठरत होता. मॅडमनी कागदावर विश्वास ठेवला नाही, त्या मुलीच्या डोळ्यांवर ठेवला; बाहुल्या तशा बारीक होतात त्या फवारणीच्या विषानंच. त्यांनी कोऱ्याच्या जागी साधं शुद्ध पाणी ठेवून मशीन शून्यावर आणली आणि मग कोरा मोजला. कोराच बोलला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या आमच्या घरी आल्या. आई वाफ्यात खुरपत होती. मी ओसरीवर पंपाची नळी साफ करत होतो.

"शांताबाई, या वाफ्यावर काही मारलं होतं का?"

"न्हाई, मॅडम."

"आठवून सांगा. कुणी तुम्हाला रागावणार नाही."

आई उभी राहिली. हाताची माती लुगड्याला पुसली. "नारायणगडाची आन घेऊन सांगती. म्या ह्या वाफ्यावर थेंब टाकला न्हाई. आमी खातो त्ये हितलं."

मी नळीत फुंकर मारत राहिलो. मॅडम वाफ्याभोवती एक फेरी मारून आल्या, पानं उलटून बघितली, माझ्याकडं एकदा बघितलं आणि म्हणाल्या, "बरं." चहासुद्धा घेतला नाही.

गुरुवारी फळ्यावर लिहिलं: 'दिवाळीपासूनच्या वांग्याच्या सर्व नोंदी चुकीच्या आहेत. चूक माझी.' खाली पूर्ण नाव आणि सही.

आता माझी तक्रार कळेल. 'चूक माझी' यावर आमच्या गावात कुणाचा विश्वास बसला? एवढी शिकलेली बाई, तिची कशी चूक होईल? लोकांना ठाऊक होतं की कोरं वांगं शांताबाईचं. लोक म्हणाले, मॅडम शांताबाईला झाकायला लागल्या. शांताबाईनं पन्नास रुपयांसाठी बाजाराची वांगी घरची म्हणून दिली आणि वर गडाची खोटी आन घेतली. मॅडमनी अंगावर घेतलं आणि ते घरंगळत माझ्या आईच्या अंगावर गेलं. आई बाजारात पाटी घेऊन बसली की तिच्यापुढं बाया थांबेनात. हळदीकुंकवाला एकीनं तोंडावर विचारलं, "शांताबाई, ह्यो तीळगूळ तरी खरा हाय ना?" आई तेव्हापासून गडाच्या यात्रेला गेलेली नाही. म्हणते, "लोकं म्हंतेत खोटी आन घेतली. त्यांच्यात कसं जाऊ?"

फळा बाजार समितीनं काढून नेला. कॉलेजनं मॅडमचं ते काम बंद केलं. आणि मी महिन्याभरात निघालो. घरी सांगतात पोरगा कामाला गेला. मी पळालो.

मॅडमनी त्या दिवसांत केलेली एक गोष्ट मात्र इथं नोंदवली पाहिजे. बाजारात आईच्या पाटीपुढं कुणी थांबत नसताना त्या दर गुरुवारी येऊन थांबायच्या. रज्जाकभाईंनी मला फोनवर सांगितलं. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायच्या, "शांताबाई, अर्धा किलो. निवडू नका, तुम्ही द्याल ती." निवृत्त होईपर्यंत एक गुरुवार चुकला नाही.

दोन वर्षांनी मी तेव्हाच्या कामावरून फोन केला. डोंगर फोडायचं काम बंद होतं, बर्फ पडलं होतं. मी म्हटलं, "मॅडम, वाफ्यावर मी मारलं होतं."

"माहीत आहे."

"कोणी सांगितलं?"

"पानांवरचे पांढरे डाग फक्त पायवाटेच्या बाजूला होते आणि वरून पडलेले होते. तुझी आई बसून काम करते. चालता चालता पंप रिकामा करणारा माणूसच असं मारतो. आणि नळी तुझ्या तोंडात होती. आधी त्या नळीला तोंड लावायचं बंद कर."

"मग तवा बोलल्या का न्हाईत?"

"काय बोलू? कोरा तपासायचं काम माझं होतं. तुझ्या आईचं नाही, तुझंही नाही. मी शब्दावर विश्वास ठेवला. शब्द खरा होता, वांगं खरं नव्हतं."

"पण आईचं नाव गेलं, मॅडम."

त्या म्हणाल्या, "हो. ते मला दिसलं नाही. मी माझाच चांगुलपणा बघत होते." आणि पुन्हा म्हणाल्या, "पण ते मी नाही धुऊन काढू शकत, दत्ता. मी सांगितलं तर लोक म्हणतील, अजून झाकते आहे. ते तुलाच सांगावं लागेल. आधी आईला."

तिथून आमचं भांडण सुरू झालं ते चालूच आहे. मी म्हणायचो, तुम्हीच नीट लिहायला पाहिजे होतं. त्या म्हणायच्या, तू कधी सांगणार? यात चार वर्षं गेली. त्यांनी माझं नाव कुणापुढं घेतलं नाही. पण ज्यांना मॅडमनी शिकवलं त्यांना हे माहीत असेल की त्या प्रत्येक बॅचला पहिल्या दिवशी म्हणायच्या, "आधी कोरा तपासा. तुमच्या आईनं दिला असला तरी तपासा." त्यावर वर्ग हसायचा म्हणे. ते वाक्य कुठून आलं ते आता तुम्हाला कळलं.

संपादक मंडळाचं पत्र आल्यावर मी आईला फोन केला आणि सांगितलं. मला वाटलं ती शिव्या देईल. ती एवढंच म्हणाली, "म्हंजी त्ये आपुन समद्यांनी खाल्लं?"

"हो."

"धाकटी तवा पोटुशी हुती. बाळतपणाला आलती."

बहिणीचं पोरगं चांगलं आहे, शाळेत जातं, पळतं. तरी आई आता त्याच्याकडं कशी बघत असेल ते मला इथं बसून दिसतं. मी म्हटलं, "आई, म्या हे पुस्तकात लिहू का?" ती म्हणाली, "लिही. पर मॅडमला खाली बघाया लागंल आसं लिहू नगंस. आन माजी आन खरी हुती, येवढं लिही."

म्हणून सत्काराला जमलेल्या सर्वांना, आमच्या गावच्या लोकांना, गयाबाईंना आणि त्या मुलीच्या आईबापांना ते कुठं असतील तिथं, मी सांगतो: वाफ्यावर औषध मी मारलं. माझ्या आईची आन खरी होती. मॅडमची चूक एवढीच की त्यांनी माझ्या हातून आलेल्या वस्तूवर माझ्या आईचा शब्द आहे असं धरलं. रज्जाकभाईंना विनंती की त्यांनी हा उतारा समारंभात मोठ्यानं वाचावा. ते चांगलं वाचतात, फळा वाचून वाचून सवय झालेली आहे.

मॅडम, तुम्ही साठ वर्षांच्या झालात. तुमचे गुडघे दुखतात, अमोनियानं डोळे जातात की काय असं तुम्ही मागं म्हणाला होतात. ते डोळे शाबूत राहोत. बाटली हलवणारा हात पुढची पुष्कळ वर्षं न थरथरता चालो. गच्चीवर कुंड्यांत तुम्ही कोऱ्यासाठी वांगी लावली आहेत असं ऐकलं, ती किडो, भोकाभोकाची निघोत आणि तुम्ही ती चिरून खात शंभरी गाठा. तो स्पीकरचा चुंबक कॉलेजात राहिला असेल तर मागून घ्या, तो माझा आहे आणि मी तो तुम्हाला दिलेला आहे.

दिवाळीपासून फळा निघेपर्यंत मी तुमच्याकडून 'कोरा' लिहिलेली चौदा पाकिटं घेतली. त्यातला एकही नमुना कोरा नव्हता. रज्जाकभाईंच्या हाती पाठवतो आहे: सातशे रुपये.